रॅम दुप्पट केली म्हणून गेम दुप्पट वेगाने चालत नाही

गेमिंगसाठी संगणक घेणाऱ्यांना हल्ली हमखास मिळणारा एक सल्ला असा: प्रोसेसर जास्त गिगाहर्ट्झचा घ्या, रॅम दुप्पट करा, ग्राफिक्स कार्ड किती जीबीचे आहे ते पाहा, गेम वेगाने चालणारच. या सल्ल्यात सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच तो लोकांच्या गळी सहज उतरतो.

गिगाहर्ट्झचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सर्वांत जुना आणि सर्वांत फसवा आहे. एएमडीच्या रायझेन ७ ५८००एक्स या आठ कोअरच्या प्रोसेसरचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४.७ अब्ज आवर्तने) आहे, तर २०२२ मध्ये आलेल्या ५८००एक्स३डीचा ४.५. कोअर तेवढेच आणि रचनाही तीच, तरीही बहुतेक गेममध्ये सरस ठरतो तो कमी गिगाहर्ट्झचा दुसरा प्रोसेसर. फरक आहे तो एल३ कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेल्या छोट्या पण वेगवान मेमरीचा: पहिल्यात ती ३२ एमबी आहे, दुसऱ्यात ९६ एमबी. रॅमपर्यंत जाऊन माहिती आणायला साधारण ७० नॅनोसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ४.५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तीनशेहून अधिक आवर्तने निघून जातात. गेममध्ये शत्रूंच्या हालचाली, टकरी, गोळ्यांचे मार्ग अशी विखुरलेली माहिती सतत लागत असल्याने प्रोसेसरचा पुष्कळ वेळ हिशेब करण्यापेक्षा वाट पाहण्यात जातो. मोठी कॅश ही वाट पाहणेच कमी करते. अर्थात ४के रिझोल्यूशनला सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो, तेव्हा या दोन प्रोसेसरांतला फरक जवळजवळ नाहीसा होतो, हेही सांगितले पाहिजे.

रॅम कमी पडत असेल, तर ती वाढवल्याने फरक निश्चित पडतो. विंडोज, ब्राउझर आणि गेम मिळून १२ जीबी लागत असतील आणि रॅम ८ जीबीच असेल, तर न मावणारी माहिती एसएसडीवर ढकलली जाते आणि खेळ मध्येच अडखळतो. मात्र १६ जीबीत काम भागत असताना ३२ जीबी बसवल्याने एफपीएस (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) वाढत नाहीत. रॅम कशी बसवली आहे, याबद्दल मात्र हा सल्ला अवाक्षर काढत नाही. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पोहोचवते. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या की ड्युअल चॅनेलमुळे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी वापरल्या जात असल्याने, ही मर्यादा ५१.२ जीबीवर जाते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल, तर अंगभूत ग्राफिक्सचे कामही याच रॅमवर चालते, त्यामुळे 'दुसरी पुढे बघू' म्हणत एकच स्टिक घेण्याची आपली काटकसर तिथे चांगलीच महागात पडते. शिवाय ३२००ची म्हणून घेतलेली स्टिक बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारा पर्याय, चालू करेपर्यंत पुष्कळदा २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते. ते चालू करायला पैसे लागत नाहीत.

ग्राफिक्स कार्डाच्या जीबीबद्दल एकच उदाहरण पुरेसे आहे. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड दोन प्रकारांत विकले गेले आणि दोन्हींवर २ जीबी मेमरी होती. पण जीडीडीआर५ असलेल्या कार्डाची बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून माहिती पोहोचवण्याची क्षमता, सेकंदाला ४८ जीबी होती आणि डीडीआर४ असलेल्याची १६.८ जीबी. नाव तेच, जीबी तेवढेच, आणि गेममधला वेग मात्र कुठल्या कुठे.

खर्च करण्यापूर्वी एक साधी तपासणी घरीच करता येते. गेमचे रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणावे. एफपीएस लक्षणीय वाढले, तर अडचण ग्राफिक्स कार्डात आहे. ते जवळपास तेवढेच राहिले आणि गेममध्ये एफपीएसला कुठली मर्यादा घातलेली नसेल, तर खोळंबा प्रोसेसर किंवा रॅमपाशी आहे आणि नवे ग्राफिक्स कार्ड घेऊनही तो आकडा फारसा हलणार नाही.