14 व्या दिवसाच्या भरवशावर राहू नका

‘पाळीच्या 14 व्या दिवशी बीज सुटतं, म्हणून 10 ते 17 हे दिवस टाळा, बाकी सगळे सुरक्षित. चक्र चंद्रावर चालतं. पाळीत शरीरातली घाण जाते. गोळीने पाळी पुढे ढकलली तर ती आत साठते.’ हा मेसेज भाचीने मला पाठवला आणि विचारलं, “मावशी, हे खरं आहे ना?” तिचं नुकतंच लग्न झालंय, मूल इतक्यात नकोय. म्हणून गप्प बसवत नाही.

सुरक्षित दिवसांचा मुद्दा सगळ्यांत घातक. बीज तारीख बघून सुटत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या एफएसएच या हार्मोनमुळे अंडाशयात बीजपुटकं (बीजाच्या बारीक पिशव्या) वाढतात, त्यांतलं एक पुढे जातं आणि भरपूर इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवतं. एरवी इस्ट्रोजेन पिट्युटरीला आवरून धरतं. पण ते दोनेक दिवस चढंच राहिलं की उलट तिला चेतवतं, तिचं एलएच हे दुसरं हार्मोन उसळतं आणि साधारण दीड दिवसात बीज सुटतं. आजारपण, ताण, घटलेलं वजन यांनी ही सगळी तयारी लांबू शकते. 2000 साली विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 221 निरोगी स्त्रियांचा अभ्यास छापला. बीज कुणाचं 8 व्या दिवशी सुटलं, कुणाचं थेट 60 व्या! गर्भ राहू शकेल असे सगळे दिवस 10 ते 17 मध्ये बसले, अशा स्त्रिया जेमतेम 30 टक्के. त्यात शुक्राणू पाच दिवस तग धरू शकतात. मग ‘सुरक्षित’ कशाच्या जोरावर म्हणता?

14 हा आकडा अगदीच हवेतला नाही, एवढं मान्य. बीज सुटल्यावर साधारण 14 दिवसांनी पाळी येते. पण हा हिशेब पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा, आणि ती कधी येणार हे आधी कुणाला ठाऊक असतं?

चंद्राचा फेरा साडेएकोणतीस दिवसांचा. निरोगी चक्र 24 ते 38 दिवसांत कितीही असू शकतं. विषय संपला.

आणि घाण कसली? बीज सुटलेल्या पुटकाचा पीतपिंड होतो, त्याच्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवर गर्भाशयाचं अस्तर टिकतं. गर्भ राहिला नाही की पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तर सुटून रक्तासोबत बाहेर येतं. पाळी लांबवायच्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं, म्हणून अस्तर जागेवर राहतं. आत साठत काही नाही. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे त्यांना ही गोळी धोक्याची ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. हे मात्र त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.