क्विझ म्हणे तुम्हाला नवऱ्या-बायकोपेक्षा जास्त ओळखते

तो लांबलचक फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. "पर्सनॅलिटी क्विझला हसू नका, त्यामागे सायन्स आहे" असं ठळक हेडिंग आणि खाली मुद्द्यांची रांग. क्विझ मानसशास्त्रज्ञ बनवतात. रिझल्ट लाखो लोकांना तंतोतंत जुळतो, म्हणजे तो खरा असणारच. चित्रात आधी काय दिसतं त्यावरून तुमचा डावा मेंदू चालतो की उजवा ते कळतं. मोठमोठ्या कंपन्या १६ टाइपवाली टेस्ट घेऊनच माणसं निवडतात. ब्लॅक कॉफी पिणारे सायकोपाथ असतात हे सिद्ध झालंय. कॉम्प्युटर तुम्हाला तुमच्या जोडीदारापेक्षा जास्त ओळखतो हेही सिद्ध झालंय. आणि शेवटी, फुकट आहे, करून बघा, नुकसान काहीच नाही.

मला स्वतःला क्विझ आवडतात. "तुम्ही कोणत्या प्रकारचा ढग आहात" असलं काही दिसलं की बोट आपोआप तिकडे जातं, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. २०१४ च्या जानेवारीत बझफीड या वेबसाइटने "तुम्ही खरं तर कोणत्या शहरात राहायला हवं" ही क्विझ काढली तेव्हा कोटींच्या घरात ती उघडली गेली, आणि रिझल्टमध्ये पॅरिस आलं म्हणून कोणी बॅगा भरायला घेतल्या नाहीत. फालतूपणा हाच तिचा खरा माल होता. पण त्याच फालतूपणावर "सायन्सने सिद्ध" असा शिक्का मारून कोणी विकायला लागलं की मग जरा बोलावं लागतं.

सगळ्यात आधी "लाखो लोकांना जुळतं" हा मुद्दा घेतो, कारण बाकी सगळी इमारत त्यावर उभी आहे.

१९४८ मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना एक पर्सनॅलिटी टेस्ट दिली, सांगितलं की तुमच्या उत्तरांवरून प्रत्येकाचं वेगळं वर्णन लिहून देतो, आणि आठवड्याने खरोखरच प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाचा कागद ठेवला. हे वर्णन तुम्हाला किती जुळतं त्याला ० ते ५ मध्ये मार्क द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. आता गंमत बघा, सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, शब्द न शब्द तोच, आणि तो त्याने बराचसा एका बाजारू ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. त्याने वर्गात वाक्यं मोठ्याने वाचायला घेतली तेव्हा हशा पिकला म्हणतात, आणि पिकणारच ना.

त्यातली वाक्यं कशी होती? लोकांना आपण आवडावं असं तुम्हाला मनातून वाटतं. तुम्ही स्वतःवर जरा जास्तच टीका करता. तुमच्यात बरीच क्षमता आहे जी अजून वापरली गेलेली नाही. बाहेरून तुम्ही शिस्तीत दिसता पण आत काळजी चालू असते. कधी तुम्ही मोकळे, गप्पिष्ट असता तर कधी आपल्यातच राहता. आता मला असा माणूस दाखवा ज्याला यातलं एखादं वाक्य लागू होत नाही! शेवटचं तर पाहण्यासारखं आहे, दोन्ही बाजू एकाच वाक्यात कव्हर, पळून जायला जागाच नाही. पुढे १९५६ मध्ये पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने या प्रकाराला बार्नमचं नाव दिलं, बार्नम म्हणजे अमेरिकेतला एक जुना सर्कसवाला, ज्याच्याकडे प्रत्येकासाठी काही ना काही असायचं. तेव्हा "जुळतं" म्हणजे "खरं" हे गणित तिथेच कोसळलं. लाखोंना जुळत असेल तर उलट शंका यायला हवी, कारण जे सगळ्यांनाच जुळतं ते तुमच्याबद्दल वेगळं असं काही सांगतच नाही.

मग मानसशास्त्रज्ञ बनवतात वगैरे. काही टेस्ट बनवतात, नाही असं नाही. प्रश्नावली देऊन माणसाचं मन मोजायची सुरुवातच मुळात गंभीर कामासाठी झाली, पहिल्या महायुद्धात रॉबर्ट वुडवर्थ यांनी हो-नाही उत्तरांची एक प्रश्नावली तयार केली, हेतू हा की तोफांच्या आवाजाने मनाने कोसळतील असे सैनिक आधीच ओळखता यावेत. आजही संशोधक ज्या टेस्ट वापरतात त्यात पाच मोठे गुण मोजतात, नवीन गोष्टींची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता. पण त्यांचा रिझल्ट कसा येतो माहितीये? "बहिर्मुखतेत तुम्ही शंभरातल्या अठ्ठावन्न लोकांच्या पुढे." बस. कोण टाकणार हे स्टेटसला?

ढगवाली क्विझ कशी बनते ते सांगतो, कोणालाही अर्ध्या तासात जमेल. आधी रिझल्ट लिहायचे, समजा चार, पांढराशुभ्र ढग, काळा ढग, विजेचा ढग, कोपऱ्यातला एकटा ढग. चारही रिझल्ट ऐकायला बरे वाटले पाहिजेत, म्हणजे काळ्या ढगालासुद्धा "लोक तुम्हाला घाबरतात पण बरसता तेव्हा सगळ्यांना तुम्हीच हवे असता" असं काहीतरी द्यायचं. मग उलटं जाऊन सात-आठ प्रश्न जोडायचे, सुट्टीत काय कराल, कोणता रंग आवडतो, भांडण झालं तर काय करता, प्रत्येकाला चार पर्याय आणि प्रत्येक पर्यायाच्या मागे एक ढग बांधलेला. ज्या ढगाचे क्लिक जास्त तो तुम्ही. झाली क्विझ. बरोबरी झाली तर यादीत जो वर असेल तो. निळ्या रंगाचा एकटेपणाशी काय संबंध असं विचारू नका, लिहिणाऱ्याला त्या क्षणी सुचला तो संबंध. आणि तरी लोक कमेंटमध्ये लिहितात, "बापरे, मीच!!"

चित्रांचा मुद्दा पटकन उरकतो, कारण त्यात दम नाही. ससा की बदक ते चित्र १८९२ मध्ये जर्मनीतल्या एका विनोदी साप्ताहिकात आलं. तरुणी की म्हातारी ते १९१५ मध्ये पक नावाच्या अमेरिकन विनोदी साप्ताहिकात छापलं गेलं, तिथे ती बायको आणि सासू होती. गोल फिरणारी नर्तकी २००३ मध्ये नोबुयुकी कायाहारा या जपानी डिझायनरने बनवली, एक दृष्टिभ्रम म्हणून, आणि ती "डावा मेंदू की उजवा" टेस्ट आहे हे लेबल नंतर दुसऱ्यांनीच चिकटवलं. ती दोन्हीकडे फिरताना दिसते कारण नुसती काळी सावली आहे, कोणता पाय पुढे कोणता मागे हे कळायला चित्रात काहीच खूण नाही, मग मेंदू आपल्या मनाने एक बाजू ठरवून टाकतो. मेंदूच्या दोन भागांची काही कामं वेगळी असतात हे खरं आहे, रॉजर स्पेरी यांना त्या संशोधनासाठी १९८१ चं नोबेलही मिळालं, पण त्यावरून कलाकार उजवे आणि हिशेबी डावे असं निघत नाही. २०१३ मध्ये युटा विद्यापीठाच्या लोकांनी १,०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले, एक बाजू एकूणच जास्त वापरणारी माणसं काही सापडली नाहीत.

आता १६ टाइपवाली टेस्ट, म्हणजे मायर्स-ब्रिग्ज (एमबीटीआय), जी प्रत्येकाला INFP असली चार अक्षरं चिकटवते. चार इंग्रजी अक्षरं बायोमध्ये लिहिणाऱ्यांना राग येईल, येऊ दे. ही टेस्ट कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या दोघींनी बनवली, कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाच्या १९२१ च्या पुस्तकावरून. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र शिकलेली नव्हती, इझाबेलबाईंना तर त्याआधी रहस्यकथा लिहिण्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं (हे मी टोमणा म्हणून सांगत नाहीये, मला खरंच भारी वाटतं). अडचण बाईंची नाही, पद्धतीची आहे. बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मध्येच कुठेतरी असतात, आणि ही टेस्ट मधोमध रेघ मारून म्हणते तू इकडचा, तू तिकडचा. रेघेच्या जवळ असलेला माणूस मूड बदलला की पलीकडे जातो, म्हणून काही आठवड्यांनी परत दिली की बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं. उंची परत मोजली तर असं होत नाही.

आणि कंपन्या त्यावरून माणसं घेतात म्हणून ती खरी? अहो, टेस्ट विकणारेच सांगतात की नोकरीसाठी माणसं निवडायला ही वापरू नका, तिचा हेतू तो नाही. तरी कोणी वापरत असेल तर तो त्या एचआरचा प्रश्न, टेस्टचा पुरावा नाही.

ब्लॅक कॉफीची बातमी मात्र माझी लाडकी आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ९५३ लोकांना कोणत्या चवी किती आवडतात ते विचारलं, सोबत स्वभावाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या, आणि कडू चव आवडणं आणि काही त्रासदायक स्वभावगुण यांच्यात थोडा संबंध दिसला. थोडा! आणि प्रश्न एकूण कडूपणाचा होता, यादीत मुळा होता, टॉनिक वॉटर होतं, कॉफी त्यातलीच एक. "मुळा खाणारे सायकोपाथ" अशी हेडलाइन कोणी केली नाही कारण ती चालली नसती, कॉफी चालते, कारण प्रत्येकाच्या ऑफिसात एकतरी ब्लॅक कॉफीवाला असतो आणि त्याला टॅग करता येतं. असल्या बातम्या पसरतात त्या या टॅग करण्यावर, अभ्यासात काय होतं ते शोधायला कोण जातंय. २०२० चं मानसशास्त्राचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतं ते गमतीचं बक्षीस) भुवयांवरून आत्मप्रेमी माणूस ओळखण्याच्या अभ्यासाला मिळालं, तो अभ्यास खराखुरा आहे, पण बातमी वाचून सगळे आधी आपल्या बॉसचा डीपी झूम करणार हे काय सांगायला हवं.

जोडीदारवाला मुद्दा सगळ्यात चतुर, कारण तो अर्धा खरा आहे. २०१५ मध्ये तसा एक पेपर खरोखर आला, ८६,२२० लोकांवरचा. कॉम्प्युटरला फेसबुकचे १० लाइक दिले तर त्याचा अंदाज सहकाऱ्यापेक्षा बरा, ७० दिले तर मित्रापेक्षा, १५० ला घरच्यांपेक्षा, आणि ३०० च्या आसपास गेलात की नवऱ्या-बायकोच्या बरोबरीने किंवा पुढे. पण यात ढगवाली क्विझ कुठे आहे? कॉम्प्युटर बघत होता ते लाइक. आणि अंदाज कशाचा, तर त्याच माणसाने १०० प्रश्नांच्या गंभीर टेस्टमध्ये स्वतःबद्दल काय उत्तरं दिली असतील त्याचा. तुम्ही रुसलात की गप्प होता की भांडी आपटता, हे त्या १०० प्रश्नांत नव्हतं, ते घरच्याच माणसाला माहीत. म्हणजे फॉरवर्डने काय केलं बघा, एका अभ्यासाचं यश उचललं आणि ज्या क्विझचा त्याच्याशी संबंधच नाही तिच्या गळ्यात घातलं.

आणि हाच अभ्यास "नुकसान काहीच नाही" या शेवटच्या मुद्द्याला आडवा येतो, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. लाइकमधून एवढं कळत असेल तर लाइकची यादी कोणाच्या हातात जाते हे महत्त्वाचं झालं ना? २०१४ च्या सुमारास केंब्रिजमधल्या अलेक्झांडर कोगन या संशोधकाचं "धिस इज युअर डिजिटल लाइफ" नावाचं फेसबुकवरचं अॅप होतं, दिसायला पर्सनॅलिटी टेस्टच. ते घेतलं साधारण २ लाख ७० हजार लोकांनी. पण फेसबुकच्या तेव्हाच्या नियमात क्विझ देणाऱ्याच्या मित्रांची माहितीही अॅपला मिळायची, त्यामुळे केंब्रिज अॅनालिटिका या निवडणुकीचा प्रचार करणाऱ्या कंपनीपर्यंत किती लोकांची माहिती पोचली असेल, तर फेसबुकनेच २०१८ मध्ये दिलेला आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंतचा. त्यातल्या बहुतेकांनी ती टेस्ट उघडलीसुद्धा नव्हती, कोण्या मित्राला आपला स्वभाव जाणून घ्यायचा होता एवढाच त्यांचा गुन्हा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, प्रायव्हसीच्या भानगडीत फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड लावला. मित्रांची माहिती तशी सरसकट द्यायचं फेसबुकने त्याआधीच बंद केलं होतं, पण "लॉगिन विथ" बटण आणि परवानग्यांचा स्क्रीन आजही तसाच असतो, आणि आपण तो तसाच न वाचता पुढे ढकलतो.

नुकसान करणाऱ्या क्विझची दुसरी जात याहून साधी. "तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव आणि लहानपणीच्या गल्लीचं नाव जोडा, हे तुमचं फिल्मस्टार नाव!" लोक कमेंटमध्ये धडाधड लिहितात, हसतात, पुढच्याला टॅग करतात. आता पासवर्ड विसरल्यावर विचारतात ते प्रश्न आठवा. पहिला पाळीव प्राणी, आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा. २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं ईमेल एका कॉलेजच्या पोराने उघडलं ते कुठलं भारी हॅकिंग करून नाही, जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची भेट कुठे झाली एवढी उत्तरं शोधून पासवर्ड रीसेट केला त्याने.

तेव्हा ढगवाली क्विझ खुशाल द्या, लॉगिन मागत नसेल तर. फिल्मस्टार नाव हवंच असेल तर कुत्र्याचं नाव खोटं लिहा, नाव तरी जास्त चांगलं होईल. आणि बँकेने कुत्र्याचं नाव विचारलं तर तिथेही खरं सांगायची सक्ती नसते, काहीतरी भलतंच लिहायचं आणि ते नीट जपून ठेवायचं, मग खरं नाव कमेंटमध्ये गेलं तरी कोणाच्या काही कामाचं नाही.