सांताच्या नावावर महागडं काही नको

मुलांच्या ख्रिसमस भेटींवर पालकांनी किती खर्च करावा, याचा एकच आकडा सगळ्या घरांना लागू होणार नाही. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे जानेवारीत शाळा उघडली की मुलं एकमेकांना विचारतात, ‘सांताने काय आणलं?’ एकाला आयपॅड, दुसऱ्याला मोजे आणि संत्रं. सहा वर्षांच्या पोराला आईबापाच्या पगारातला फरक कळत नाही, सांता शहाण्या मुलांनाच छान भेटी देतो असं ऐकलेलं असतं, म्हणून त्याला वाटतं आपणच वाईट वागलो! म्हणून महागडी वस्तू द्यायचीच तर आईबाबांच्या नावाने द्या. सांताकडून रंगपेटी, गोष्टीचं पुस्तक पुरे. आणि कृपा करून ‘आत्ता घ्या, नंतर भरा’वाल्या हप्त्यांवर खेळणी घेऊ नका. चॅरिटी शॉपमध्ये (लोकांनी दान केलेल्या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात) चांगल्या अवस्थेतले लेगो, जिगसॉ अगदी स्वस्तात मिळतात. आम्ही बिनदिक्कत घेतो.