लेगोच्या गाडीत कृमीचा मेंदू 'उतरवला' म्हणे!

'शास्त्रज्ञांनी एका कृमीचा अख्खा मेंदू लेगोच्या रोबोटमध्ये उतरवला. कुठलाही प्रोग्राम न लिहिता तो कृमीसारखा वागू लागला. आता माणसाचा नंबर!' २०१४ च्या प्रयोगावरचा हा मजकूर पुन्हा फिरतोय. प्रयोग झाला होता, त्याला तिखटमीठ मात्र भरपूर लागलंय.

'अख्खा मेंदू.' सी. एलेगन्स हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा कृमी. त्याच्या ३०२ चेतापेशी कुठे कुठे जोडल्यात याचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोबोटमध्ये गेला तो या जोडण्यांचा तक्ता. जोडणी पुढच्या पेशीला चेतवते की दाबते, हे नुसत्या नकाशावरून कळत नाही.

'प्रोग्राम न लिहिता.' मग येणाऱ्या संकेतांची बेरीज कितीपलीकडे गेली की पेशी पेटणार, म्हणजे स्वतःचा संकेत पुढे धाडणार, हे कोणी ठरवलं? कृमीने नक्कीच नाही.

'कृमीसारखा वागला.' म्हणजे भिंत आली की मागे फिरला. खऱ्या कृमीत हे बघायला प्रयोगशाळेत काडीला चिकटवलेला भुवईचा केस वापरतात. डोक्याजवळ हलकेच फिरवला की कृमी मागे सरकतो, शेपटीजवळ फिरवला की पुढे पळतो. डोक्याकडच्या स्पर्शपेशींचे धागे मागे नेणाऱ्या पेशींशी जुळलेले, शेपटीकडच्यांचे पुढे नेणाऱ्यांशी. इथे वायरिंगच बोलतं, मान्य. पण हाच कृमी २० अंशांवर पोटभर खाऊन वाढला, तर नंतर २० अंशांची जागा शोधत जातो. तिथेच उपाशी ठेवला, तर ती ओढ जाते. जोडण्या त्याच. रोबोटला भूक कुठून लागणार?

'नकाशा मिळाला की वागणं मिळालं' हे तर खेकड्याच्या पोटातच खोटं पडतं. त्याच्या जठरात दात असतात. जठराचे स्नायू चालवणारा गुच्छ अवघ्या पंचवीस-तीस चेतापेशींचा. बाहेर काढून बशीत ठेवला तरी ताल धरतो! चेताशास्त्रज्ञ ईव्ह मार्डर यांनी अनेक दशकं याच गुच्छावर काम केलंय. द्रावणात वेगळं पेप्टाइड (पेशींना संदेश देणारा प्रथिनासारखा छोटा रेणू) घातलं की त्याच पेशी वेगळा ताल धरतात. काही तर एका तालातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतात.

राहिला माणूस. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा नकाशा आला, सुमारे १,३९,००० पेशींचा. आपल्या मेंदूत त्या ८६ अब्जांच्या घरात आहेत.