शून्य मोजणी आणि इंदूरवरचा उपग्रह : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमचं म्हणणं असं : एक्सप्लोरर-१ या अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहावरच्या गायगर ट्यूबने (कण मोजणाऱ्या नळीने) उंचावर शून्य मोजलं म्हणजे ती बिघडली होती, त्यातून ‘प्रारणपट्टा’, म्हणजे पृथ्वीभोवती अडकलेल्या वेगवान कणांचा पट्टा, ‘सापडला’ म्हणणं ओढूनताणून आहे. आणि पट्टा खरा असेल तर आपल्या इंदूरवरून जाणाऱ्या उपग्रहाला तो का दिसत नाही?

शंका रास्त, निष्कर्ष मात्र पटत नाही. शून्य आलं ते कण नव्हते म्हणून नाही, फार झाले म्हणून. एक कण नोंदवला की ट्यूब क्षणभर बधिर होते. तो काळ १०० मायक्रोसेकंद धरा. सेकंदाला १,००० कण आले तर ९०० च्या आसपास मोजले जातात. ही तूट हिशेबाने भरून काढता येते. पण १,००,००० आले, आणि बधिर असताना येणारा प्रत्येक कण तो काळ आणखी लांबवत गेला, तर मोजणी चार-पाचावर येते. गायगर ट्यूबमध्ये तर सावरण्याआधी उठलेले विजेचे स्पंद इतके बुटके असतात की पुढचं सर्किट ते धरतच नाही. या प्रयोगाच्या चमूतले कार्ल मॅकइल्वेन यांनी १९५८ मध्ये तशीच ट्यूब क्ष-किरणांच्या झोतात ठेवून हे पडताळलं. त्याहून बोलका पुरावा एक्सप्लोरर-३ चा. त्यावर टेपरेकॉर्डर होता, त्यामुळे सलग नोंद मिळाली : मोजणी चढते, एकदम शून्य होते, पुन्हा वर येऊन ओसरते. बिघडलेली ट्यूब प्रत्येक फेरीत अशी सुधारत नाही.

आजचे सिलिकॉन डिटेक्टर वेगळ्या ठिकाणी दगा देतात. नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेच्या ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या ‘दुर्बिणी’पुढे (एका दिशेचेच कण घेणाऱ्या डिटेक्टरपुढे) निकेलचा पातळ पत्रा असायचा. मंद प्रोटॉन तिथे अडायचे, जास्त ऊर्जेचे आत शिरायचे आणि इलेक्ट्रॉन म्हणून मोजले जायचे. प्रोटॉनच्या डिटेक्टरचं सिलिकॉन मारा खाऊन काही वर्षांत खराब होतं. मग त्याच कणाचा स्पंद लहान पडतो आणि किमान ऊर्जेची मर्यादा नकळत वर सरकते. जुन्या-नव्या उपग्रहांचे आकडे दुरुस्तीशिवाय शेजारी मांडूच नयेत.

आता इंदूर. पट्टे दोन, बाह्य आणि आतला. बाह्य पट्ट्यातले कण ज्या चुंबकीय रेषांना धरून असतात त्या साधारण ५५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशावर (पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांवरून मोजलेल्या अक्षांशावर) खाली उतरतात. आपण भौगोलिक २२.७ अंशावर, आपला चुंबकीय अक्षांश त्याहूनही कमी. आतला पट्टा अशा उपग्रहांच्या उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे ८५० किलोमीटरपर्यंत, खाली येतो तो मुख्यतः दक्षिण अटलांटिकवर, कारण तिथे चुंबकीय क्षेत्र दुबळं आहे. इंदूरवर उरते ती डिटेक्टरची स्वतःची कुरबूर आणि थोडे वैश्विक किरण, म्हणजे दूर अवकाशातून येणारे वेगवान कण. पार्श्वभूमी तपासायला हा टप्पा उत्तम. मात्र इथला आकडा ध्रुवाकडच्या मोजणीतून जसाच्या तसा वजा करू नका. तिथे चुंबकीय अडसर कमी, त्यामुळे वैश्विक किरण जास्त पोचतात आणि वजाबाकी अपुरी पडते.