नळी कोण समजावणार?

यवतमाळकडच्या कुठल्याही वॉर्डात लकवा मारलेल्या पेशंटला जेवण देण्यासाठी नाकातून पोटात नळी घालायची म्हटली की नातेवाईक आडवे येतात. 'नळी नोका लावू जी सिस्टर, दोन घोट चा पेते ना थो बुढा.' बुढा चहा पितो हे खरंच, पण गिळण्याची ताकद गेलेली असल्यानं त्यातला अर्धा श्वासनलिकेत उतरतो आणि दोन-चार दिवसांत ताप चढून न्यूमोनिया होतो. मग वॉर्डात बोललं जातं, 'सांगून ऐकत नाहीत, अडाणी लोक.'

मी आता ब्रिटनमधल्या वेल्समध्ये नर्स आहे. यवतमाळकडच्या नर्स मैत्रिणींशी फोनवर बोलणं होतं तेव्हा दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एक, लोक नळी घेत नाहीत. दुसरी, नर्स पोरी टिकत नाहीत. शिकल्या की नागपूर, तिथून आखात, नाहीतर माझ्यासारख्या इकडे. मला या दोन तक्रारी वेगळ्या वाटत नाहीत. नळी घ्यायला लावते ती रोज भेटणारी, ओळखीची झालेली सिस्टर. तीच दर काही महिन्यांनी बदलत असेल तर लोकांनी कुणाचं ऐकायचं?

आधी नळीविषयी. कापसाच्या पट्ट्यात या नळीची ओळखच वाईट झालेली आहे. गावातल्या कुणी 'औषध पेलं', म्हणजे फवारणीचं विष घेतलं, की त्याचं पोट धुवायला हीच नळी नाकातून जाते, आणि ती बघायला अर्धं गाव येऊन गेलेलं असतं. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं दगावली, तेव्हाही घराघरांतून लोक दवाखान्यात खाटांशेजारी बसले होते. त्यामुळे म्हाताऱ्याच्या नाकात नळी दिसली की पाहुण्यांच्या मनात दोनच गोष्टी येतात: यानं काहीतरी पेलं, किंवा आता हा घरी येत नाही. याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. लोकांनी जे पाहिलंय त्यावरूनच ते बोलतात.

नळीही तशी त्रासदायकच. तिकडे आम्ही घालायचो ती रायल्स ट्यूब, चौदा-सोळा नंबरची जाड, पीव्हीसीची. आठवडाभरात ती कडक होते, घसा सोलतो, पेशंट ओढून काढतो. रायल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १९२१ मध्ये ती मांडली तेव्हा पोटातला रस तपासायचा होता, महिनाभर जेवण द्यायचं नव्हतं. इथे जेवणासाठी पॉलियुरेथेन या मऊ प्लास्टिकची, आठ नंबरची बारीक नळी वापरतात. ती कित्येक आठवडे राहते आणि पेशंटला फारशी बोचत नाही. तरीही इथले म्हातारे ती उपसून काढतातच. माझ्या वॉर्डातल्या एका वेल्श आजोबांनी एकाच रात्री पुन्हा पुन्हा काढली आणि सकाळी मला दम दिला, आता हात लावशील तर बघ. ते शुद्धीत होते, परिणाम समजत होते, म्हणून नळी घालायची नाही असं ठरलं. २००५ चा मेंटल कपॅसिटी अॅक्ट तेच सांगतो. तिकडे हा निर्णय मुलगा, जावई, गावचा पोलीस पाटील घेतो; पेशंटला कुणी विचारत नाही. या बाबतीत इकडचं मला मनापासून आवडतं.

नळी पोटातच गेली का, हे तपासण्याची पद्धतही वेगळी. इथे पोटातला रस ओढून आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर टाकतात, साडेपाच किंवा कमी आलं तरच फीड, म्हणजे नळीतून जेवण, सुरू. रस निघाला नाही किंवा शंका राहिली तर एक्स-रे. सिरिंजनं हवा मारून स्टेथोस्कोपनं गुडगुड ऐकायची पद्धत धोक्याची म्हणून इथे २००५ मध्येच बंद करायला सांगितली. मी शिकले ती हीच गुडगुड. पट्ट्यांचा डबा काही आभाळातून आणायचा नाही, ग्रामीण रुग्णालयाच्या खरेदीत सहज बसेल.

पण इकडे नसलेली एक मोठी गोष्ट तिकडे आहे: खाटेखाली चादर टाकून झोपणारी बाई. सून, बायको, बहीण, कुणीतरी असतंच. पातळ वरण, दूध, मुगाचं पाणी मिक्सरमधून काढून, बारीक चाळणीनं गाळून तीच भरते. डोकं उंच ठेवायचं, सावकाश सोडायचं, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची, नंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही, हे तिला एकदा नीट हातात धरून दाखवलं की ती फीड सोडणाऱ्या कुठल्याही पंपापेक्षा भरवशाची. इथे पंप आहे, तयार बाटली आहे, आणि कित्येक म्हाताऱ्यांना भेटायला आठवड्यात कुणी फिरकत नाही.

पण तिला दाखवणारं कोण? पहिल्या दिवशी सकाळच्या सिस्टरनं नळी घातली, दुपारच्या ब्रदरनं 'विचारा उद्या' म्हटलं, रात्री दोघींवर सगळा वॉर्ड. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण साध्या, मेडिकल कॉलेज नसलेल्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स. ते वाचून माझ्या मैत्रिणी नुसत्या हसतात. त्यात अर्ध्या जणी अकरा महिन्यांच्या करारावर. खाजगीत गेलं तर मूळ सर्टिफिकेट मालकाच्या कपाटात. एम्सच्या नर्सभरतीची परीक्षा निघाली की वॉर्ड रिकामा.

मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदारामार्फत, भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा 'यांना फक्त कायम नोकरी हवी' असं सर्रास म्हटलं गेलं. हवीच. मुंबईच्या केईएमच्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, त्याचं आपण कौतुक करतो, ते योग्यच. पण त्या त्यागाबरोबर महापालिकेची कायम नोकरीही होती, हे कुणी बोलत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर बेचाळीस वर्षं कशी सांभाळणार?

इकडे सगळं गोड आहे असंही नाही. १५ डिसेंबर २०२२ ला इथल्या नर्सेसही पगारासाठी रस्त्यावर आल्या, आणि रिकाम्या जागा भरायला केरळ, फिलिपीन्स आणि थोडं आमचं वऱ्हाड लागतं. मी इकडे आले त्यामुळे तिकडे एक हात कमी झाला, हे मी नाकारत नाही. पण करार वाढेल की नाही याची वाट बघत बसणं मला जमलं नसतं. वेल्सनं मात्र एक केलं. २०१६ च्या कायद्यानं ठराविक वॉर्डांना किती नर्सेस लागतात ते मोजून ठरवणं बंधनकारक केलं, युरोपात पहिल्यांदाच, आणि तो आकडा पेशंटला कळेल असा लावायचा. आकडा पुरा झाला नाही तर निदान तो दिसतो.

आपल्याकडे तो कायदा होईल तेव्हा होवो. तोवर नळीच्या खाटा एका सिस्टरकडे आठवडाभर ठेवल्या, नातेवाइकाला पहिलं आणि दुसरं फीड तिनंच करून दाखवलं, आणि घरी जाताना नळी तुंबली तर कुणाला फोन करायचा ते कागदावर लिहून दिलं, एवढं तरी करता येईल. त्याला शासन निर्णय लागत नाही, इन्चार्ज सिस्टरनं ड्युटी लिस्ट लिहिताना ठरवलं तरी भागतं. अडचण एकच: पुढच्या महिन्याच्या लिस्टमध्ये त्याच पोरी असतील की नाही, हे तिच्या हातात नाही.