हयातीचा दाखला आणि होम लोन

गेल्या नोव्हेंबरात बँकेत एकाच फेरीत दोन कामं उरकायला गेले होते. एक, पेन्शनरांच्या हयातीच्या यादीत सही करायची. दोन, होम लोनची चौकशी करायची. पहिल्या काउंटरवर मी जिवंत आहे हे मान्य झालं. दुसऱ्यावर प्रश्न आला, अजून किती वर्षं?

तोंडाने कुणी असं विचारलं नाही अर्थात. मुलगा फारच सभ्य होता, माझ्या शेवटच्या बॅचमधला शोभला असता. त्याने पेन्शनची स्लिप पाहिली, सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा स्कोअर, पाहिला (804, तोही खूश झाला), मग जन्मतारीख टाकली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम, सिस्टीम पासष्टच्या पुढे जात नाहीये. तुम्ही बासष्टच्या. म्हणजे तीनच वर्षं मिळतात."

आता आमची गरज सांगते. आम्ही डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे राहत होतो. 1988 ची इमारत, लिफ्ट नाही, 54 पायऱ्या. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झाली आहेत. भाजीवाला आला की मी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचे, तो भाजी भरायचा, मी वर ओढायचे. लोकांना गंमत वाटायची. एकदा कांद्याची पिशवी दुसऱ्या मजल्यावर फाटली तेव्हा मलाही वाटली. पण डॉक्टरकडे जायचं तर ह्यांना दोरीने खाली सोडता येत नाही.

म्हणून ठरवलं की हे घर विकायचं आणि जवळच लिफ्टवालं वन बीएचके घ्यायचं. जुन्याचे 46 लाख येत होते, नव्याची किंमत 65. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, सामान हलवणं धरून 70 च्या घरात. नऊ लाख आमच्याकडे होते. 15 लाख कमी पडत होते.

माझी पेन्शन 38 हजार. अनुदानित शाळेत तेहतीस वर्षं काढली, पैसे कोषागारातून येतात. ह्यांची कंपनी खाजगी, त्यामुळे ईपीएसचे, म्हणजे पीएफच्या पेन्शनचे, 2,800 येतात, ते आम्ही हिशेबात धरतही नाही.

साडेआठ टक्क्यांनी 15 लाख तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता येतो 47 हजारांच्या वर. पेन्शन 38. संपलं. हेच कर्ज मला पंचाहत्तरीपर्यंत, म्हणजे तेरा वर्षांत फेडायला मिळालं असतं तर हप्ता 15,900 च्या आसपास बसतो. बाई तीच, कर्ज तेच, घर तेच. फक्त रेघ पासष्टवर मारली की मी अपात्र आणि पंचाहत्तरवर मारली की पात्र.

आणि ही रेघ काही रिझर्व्ह बँकेने मारलेली नाही. देशभर एकच वयोमर्यादा असा नियम नाही, प्रत्येक बँक आपापल्या धोरणात ठरवते. नोकरदाराला बहुतेक ठिकाणी निवृत्तीचं वय, फार तर पासष्ट. धंदेवाल्याला सत्तर. पेन्शनरला काही ठिकाणी सत्तर, काही ठिकाणी पंचाहत्तर. मी तीन ठिकाणी फिरले. पंचाहत्तरवाली एक सापडलीही, पण तिथला प्रश्न वेगळाच होता. "मुलगा काय करतो?"

इथेच माझं डोकं फिरलं आणि पोस्ट लिहायचं कारणही हेच. वयाची अट कर्ज थांबवत नाही, ते मुलांच्या डोक्यावर सरकवते. मुलगा बंगळुरूला आहे. फोनवर लगेच म्हणाला, "आई, मी सही करतो की, त्यात काय." गुणी आहे. पण तो स्वतः घर बघतोय हे मला माहीत होतं. माझ्या कर्जात तो सहकर्जदार झाला की ते 15 लाख त्याच्याही सिबिलमध्ये दिसणार आणि त्याला मिळणारं कर्ज तेवढं आखडणार. हप्ता मी वेळेवर भरत असले तरी. मुलगी नाशिकला आहे, चांगली नोकरी आहे, तिचं नाव सांगितलं तर साहेब म्हणाले, "लग्न झालंय ना? मग मुलगाच बघा." 2025 साली! गंमत म्हणजे घर नुसत्या बाईच्या नावावर घेतलं तर आपलं राज्य सरकार स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत देतं. 65 लाखांवर 65 हजार. सरकार म्हणतं बाईच्या नावावर घे, बँक म्हणते मुलाला आण.

ज्यांना मूलच नाही, किंवा आहे पण बोलणं नाही, त्यांनी काय करायचं, हे मी विचारलं. साहेबांनी पाणी मागवलं.

बँकेची बाजू मला कळत नाही असं नाही. माझा भाऊ सहकारी पतसंस्थेत वसुलीला होता, त्याच्याकडून ऐकलंय. कर्जदार गेला, मागे अठ्ठ्याहत्तर वर्षांची बायको, हप्ते थकलेले. 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टाचे खेटे न घालता घराचा ताबा घेता येतो, पण त्या म्हातारीचं सामान जिन्यात ठेवायला जायचं कुणी? पेपरात फोटो बँकेचा येणार. ही भीती खरी आहे. पण मग माझा हिशेब तरी बघा ना. 65 लाखांच्या घरावर 15 लाख, म्हणजे चौथा हिस्सासुद्धा नाही. उद्या मी गेले तर घर विकून बँकेचे पैसे वळते होऊन वर ह्यांना दुसरीकडे राहण्यापुरतं उरतं. शिवाय माझ्यामागे ह्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन आहे, उत्पन्न शून्यावर येत नाही. सत्तावीस वर्षांच्या आयटीवाल्याला तीस वर्षांची मुदत देताना त्याची नोकरी तीस महिने टिकेल का, हे कुणी विचारतं?

सरकारला आमच्या जगण्यावर केवढा विश्वास आहे पाहा. केंद्राच्या पेन्शनरला ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला 30, नव्वदला 40, पंच्याण्णवला 50. आणि शंभरी गाठली की चक्क 100 टक्के. कोष्टकात शंभरचा रकाना आहे! आणि ती पेन्शन ज्या बँकेत जमा होते, तिची सिस्टीम पासष्टला लाल होते.

त्याहून कहर पुढे आहे. घरी पोचायच्या आत फोन आला, "मॅडम, पेन्शन लोन प्री-ॲप्रूव्ड आहे, काही तारण नको." हे कर्ज काही सरकारी बँका शहात्तराव्या वर्षापर्यंत देतात. व्याज होम लोनपेक्षा बरंच जास्त, मुदत पाच-सहा वर्षं. म्हणजे तारण न घेता, महागात, सत्तरी ओलांडलेल्याला पैसे द्यायला तयार. घर गहाण ठेवून स्वस्तात मागितलं की वय आठवतं.

मैत्रीण म्हणाली, रिव्हर्स मॉर्गेज बघ. 2007 च्या बजेटमधून आलेली योजना, साठीच्या पुढच्यांसाठी, राहतं घर गहाण ठेवायचं आणि बँकेनेच दरमहा पैसे द्यायचे. चांगली आहे, ज्याला घर हलवायचं नाही त्याला. आम्हाला घरच हलवायचं होतं. तिसऱ्या मजल्यावर बसून दरमहा पैसे घेऊन गुडघे काय करणार?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिने गेल्याच वर्षी तीस वर्षांच्या मुदतीचं कर्ज घेतलं. फेडून होईल तेव्हा ती पंच्याण्णवची. तिथे उत्पन्न बघतात, कागद बघतात, पण केवळ वय जास्त म्हणून कर्ज नाकारायला 1976 च्या कायदादुरुस्तीने बंदी आहे. मी तिला म्हटलं, तीस वर्षं? ती म्हणाली, "अगं, मधेच गेले तर घर विकतील. त्यात काय एवढं."

मला तीस नकोच आहेत. पेन्शनरचं उत्पन्न आणि घराची किंमत यांच्या तुलनेत कर्ज कमी असेल तर मुलाच्या सहीशिवाय पंचाहत्तरीपर्यंत मुदत द्या, एवढंच म्हणणं. आणि नाकारलंत तर कारण लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत तशा. मी मागितलं तर म्हणाले, "अर्ज लॉगिनच झाला नाही, मॅडम, मग रिजेक्ट कुठे झालाय?" तेहतीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकल्या, पण ही मात्र नवी होती. तुम्ही कुणी चौकशीला जाणार असाल तर आधी अर्ज भरून पोच घ्या, मग बोला.

शेवटी आम्ही काय केलं? जुनं घर दोन नोकरदार पोरांना 14 हजारांनी भाड्याने दिलं. ती 54 पायऱ्या धावत चढतात, वरच्या मजल्याचं त्यांना काहीच वाटत नाही. आम्ही दोन गल्ल्या सोडून पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या इमारतीत भाड्याने आलो, अकरा महिन्यांचा करार, भाडं 19,500. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पोलीस व्हेरिफिकेशनसाठी फोटो काढला.

घरमालक चौतीस वर्षांचा आहे, पुण्याला असतो. फार सालस. परवा बोलता बोलता म्हणाला, "काकू, भाडं पाच तारखेच्या आत टाकत जाल का? माझा फ्लॅटचा हप्ता पाचला कटतो."

टाकते मी. एक तारखेला पेन्शन झाली की लगेच.

डोंबिवली-ठाण्यात कुणाला मुलाच्या सहीशिवाय पंचाहत्तरीपर्यंतची मुदत प्रत्यक्षात मिळाली असेल तर कृपया खाली सांगा. एजंट लोकांनी नंबर टाकू नयेत.